उंदराचं रिकॉम्बिनंट डीपीपी-४: १० मायक्रोग्रॅमची वायल घेताना

जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं आतड्याचं हार्मोन रक्तात जेमतेम दोन मिनिटांत निम्मं होतं, ते मुख्यतः डीपीपी-४ मुळे. हे एन्झाइम त्याच्या सुरुवातीची हिस्टिडीन-अ‍ॅलॅनीन ही जोडी छाटतं आणि हार्मोनचं काम थांबतं. उंदराचं हे एन्झाइम कीटकपेशींत बनवून, हिस-टॅग (शुद्ध करायला जोडलेले हिस्टिडीन) लावून विकतात. उंदरांना इनहिबिटर (एन्झाइम रोखणारं औषध) देण्याआधी तो याच एन्झाइमवर तपासायचा असेल, तर वायल पैसे वसूल आहे. वेलमागे (प्लेटच्या एका खळग्यामागे) १० नॅनोग्रॅम धरले तरी हजार वेल होतात.

फसगत होते ती कॅटलॉगमध्ये. त्याच नावाखाली ई. कोलायमध्ये बनवलेला स्वस्त तुकडाही असतो. त्यावर साखरेच्या साखळ्या नसतात, डायसल्फाइड बंध नीट जुळतीलच असं नाही, आणि डीपीपी-४ तर जोडीनं काम करणारं एन्झाइम. अँटिबॉडी तपासायला तो चालेल, कापाकापीला नको. ‘९५ टक्के शुद्ध’ वाचून हुरळू नका. दर मिनिटाला, दर मायक्रोग्रॅमला किती पिकोमोल सबस्ट्रेट कापलं जातं, तो आकडा त्या लॉटच्या सर्टिफिकेटवर हवा. जेलवर पट्टी हिशेबापेक्षा वर दिसली तर घाबरू नका, त्या साखरेच्याच साखळ्या.

अ‍ॅसे सोपा आहे. २५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.०. एन्झाइम ०.२ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, त्यातलं ५० मायक्रोलिटर. वर २०० मायक्रोमोलर ग्लाय-प्रो-एएमसी तेवढंच; हे सबस्ट्रेट कापलं की चमकणारं एएमसी सुटतं. ३८० नॅनोमीटरला उत्तेजन, ४६० ला वाचन. सबस्ट्रेट दहा टक्के संपायच्या आतलाच सरळ भाग धरा. एएमसीची प्रमाणरेषा त्याच बफरमध्ये, त्याच प्लेटवर काढा.

वाया जातं ते बहुतेक डायल्युशनमध्ये. इतकं पातळ एन्झाइम प्लॅस्टिकला चिकटतं, आणि पहिल्या वेलपेक्षा शेवटच्या वेलचा सिग्नल पडलेला दिसतो. लो-बाइंड ट्यूब वापरा, बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन प्रथिन) घाला. मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असेल तर मात्र बीएसए नको. तिथे जीएलपी-१ च्या वस्तुमानात २०८ डाल्टनची घट शोधायची. उंदराचं आणि माणसाचं जीएलपी-१ एकच, त्यामुळे वेगळं पेप्टाइड मागवायची गरज नाही. जीआयपी या आतड्याच्या दुसऱ्या हार्मोनला हा नियम लागू नाही. एलायझा करणार असाल तर अँटिबॉडी नेमकं कोणतं टोक ओळखते ते बघा. शेपटी ओळखणारीला कापलेलं आणि अख्खं, दोन्ही सारखंच.

कंट्रोलला सिटाग्लिप्टिन हा ओळखीचा इनहिबिटर घ्या. डायप्रोटिन-ए सुरुवातीला बरं वाटतं, पण एन्झाइम त्यालाही हळूहळू कापतं, म्हणून लांबच्या मोजणीत त्याचा प्रभाव ओसरतो. विल्डाग्लिप्टिन सावकाश बसतं. सबस्ट्रेट घालण्याआधी अर्धा तास एन्झाइमसोबत ठेवा, नाहीतर ते विनाकारण दुबळं ठरेल.

माणसाच्या डीपीपी-४ ला अ‍ॅडेनोसिन डिअमिनेज हे एन्झाइम आणि मर्स हा कोरोनाविषाणू चिकटतात, पण त्यांच्या जोडणीसाठी ही वायल घेऊ नका. उंदराचं डीपीपी-४ दोघांनाही धरत नाही, तिथे माणसाचंच लागतं.

पार्सल कस्टममध्ये अडकून आलं तर आधी ड्राय आइस उरलाय का बघा आणि त्याच दिवशी एका वायलची अ‍ॅक्टिव्हिटी मोजा. मग छोटे अ‍ॅलिक्वॉट (वाटे) करून उणे ८० ला ठेवा. एकदा वितळलेला अ‍ॅलिक्वॉट पुन्हा गोठवायचा नाही.