हवेचे कन्सेंट: चार प्रकार, एकच काउंटर आणि सगळा खेळ पहिल्या अर्जात

महाराष्ट्रात कारखान्याची चिमणी कायदेशीर करायची तर जाण्याचे ठिकाण एकच, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. दुसरे दुकान नाही, त्यामुळे तुलना करायची ती त्याच काउंटरवर मिळणाऱ्या प्रकारांची. वायू प्रदूषण कायदा 1981 च्या कलम 21 खाली मिळणारी परवानगी, म्हणजेच हवेचे कन्सेंट, सहसा पाण्याच्या कायद्याखालच्या संमतीबरोबर आणि घातक कचऱ्याच्या अधिकारपत्राबरोबर एकाच कागदावर येते. म्हणूनच तिचा हवेचा भाग फारसा कोणी नीट वाचत नाही.

प्रकार मोजून चार: उभारणीचे कन्सेंट (बोलीत सीटीई), चालवण्याचे कन्सेंट (सीटीओ), नूतनीकरण, आणि वाढ किंवा बदलासाठीची दुरुस्ती. यांत सर्वांत मोलाचे आणि सर्वांत घाईने उरकले जाणारे म्हणजे सीटीई. कारखाना सुरू होईपर्यंत किंवा पाच वर्षे, यांतले जे आधी संपेल तोवर ते चालते. अनेक मालक त्याकडे बँकेच्या कर्जासाठी लागणारा एक कागद म्हणून पाहतात. वास्तविक इंधन कोणते, ताशी किती, चिमणी किती उंच, धूळ कशाने पकडणार, हे सगळे तिथेच ठरते. सीटीओच्या वेळी क्षेत्र अधिकारी येतो तो कागद आणि जागा जुळते का हे बघायला. तेव्हा काही बदलायचे म्हणजे लोखंड कापायचे.

अर्जातला इंधनाचा तक्ता भरताना 'कोळसा किंवा ब्रिकेट' (भुसा, शेतकचरा दाबून केलेले ठोकळे) असे मोघम लिहू नये. चिमणीची उंची गंधकावरून निघते: 14 गुणिले क्यूचा 0.3 वा घात, इथे क्यू म्हणजे ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड. ताशी 500 किलो कोळसा आणि त्यात 0.5 टक्के गंधक धरले तर गंधक अडीच किलो, त्याचा वायू पाच किलो, आणि उंची 22.7 मीटर. तोच कोळसा 1 टक्का गंधकाचा आला की 27.9 मीटर. पुरवठादार बदलला की चिमणी पाच मीटर बुटकी ठरू शकते, हे खरेदी विभागाला कोणी सांगत नाही. याशिवाय बॉयलरच्या क्षमतेनुसार किमान उंचीची अट असते, दोहोंत जास्त ती धरायची.

जनरेटरचे सूत्र वेगळे आणि सोपे: इमारतीची उंची अधिक 0.2 गुणिले केव्हीएचे (संचाच्या क्षमतेचे) वर्गमूळ. 10 मीटरच्या शेडजवळ 250 केव्हीएचा संच असेल तर जमिनीपासून सुमारे 13.2 मीटर. प्रत्यक्षात फॅब्रिकेटर 3.2 हा आकडा ऐकतो आणि संचाच्या छतापासून तेवढाच पाइप वर काढतो. तपासणीत ही चूक नजरेनेच पकडली जाते.

सॅम्पलिंग पोर्ट, म्हणजे धुराचा नमुना घेण्याचे चिमणीवरचे भोक, हा दुसरा दुखरा भाग. शेवटच्या वळणापासून किंवा पंख्यापासून चिमणीच्या व्यासाच्या आठपट वर आणि तोंडापासून दोनपट खाली, ही जागा. 0.6 मीटर व्यासाला 4.8 आणि 1.2 मीटर. शिडी आणि कठडा असलेला प्लॅटफॉर्म चिमणी उभी राहण्याआधीच बसवून घ्यावा. आयडी फॅनच्या (धूर ओढणाऱ्या पंख्याच्या) लगेच वर भोक पाडले की आतला प्रवाह पिळवटलेला असतो, धुराच्या वेगाशी नमुना ओढण्याचा वेग जुळत नाही आणि धुळीचा आकडा भरवशाचा राहत नाही. बॉयलर 40 टक्के भारावर ठेवून नमुना घेण्याची युक्ती जुनी आहे. त्या दिवशीची स्टीमची आणि इंधनाची नोंदवही मागितली की ती उघडी पडते.

धूळ पकडण्याच्या यंत्राबाबत अर्जात लिहिले ते शेडमध्ये दिसले पाहिजे. नुसता सायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ खाली पाडणारा) बारीक राखेला पुरत नाही. बॅग फिल्टर (कापडी पिशव्यांतून धूर गाळणारा) चांगला, पण पॉलिस्टरच्या पिशव्या साधारण 130 अंशांच्या वर टिकत नाहीत, आणि धूर फार थंड झाला तर ओल धरून पिशव्यांवर चिखल बसतो. वेट स्क्रबर (धूर पाण्याने धुणारा) स्वस्तात पडतो, मात्र त्याचे गढूळ पाणी ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) हिशेबात धरलेले नसते आणि मग हवेची भानगड पाण्याच्या संमतीत शिरते.

शुल्क एकूण भांडवली गुंतवणुकीवर असते, म्हणजे जमीन, इमारत, यंत्रे मूळ किमतीने. सीएच्या दाखल्यात घसारा वजा केलेला आकडा आला की शंका निघते, फरक भरावा लागतो आणि फाइल तिथेच थांबते. मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलची सेवा एकूण बरी: अर्ज कुठे आहे ते दिसते, शंका लेखी येतात. उणीव अशी की शंका हप्त्याहप्त्याने येऊ शकतात. त्यावर उपाय म्हणजे मांडणीचा नकाशा, प्रक्रियेचा फ्लोचार्ट, इंधनाचा तक्ता, चिमणीचे रेखाचित्र आणि यंत्राचे डिझाइन पहिल्याच दिवशी एकत्र चढवणे. कलम 21 मध्ये निर्णयाला चार महिन्यांची मुदत आहे. ती उलटली म्हणून लेखी आदेशाशिवाय भट्टी पेटवू नये.

उद्योगाच्या प्रदूषण गटाबद्दल थोडक्यात. 2016 च्या वर्गवारीत प्रदूषणाचे 60 आणि वर गुण म्हणजे लाल, 41 ते 59 नारिंगी, 21 ते 40 हिरवा, त्याखाली पांढरा. चालवण्याच्या कन्सेंटची कमाल मुदत लाल, नारिंगी आणि हिरव्या गटाला अनुक्रमे 5, 10 आणि 15 वर्षे अशी चालत आली. 2025 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वर्गवारी सुधारली, निळा गटही आणला. तेव्हा जुन्या कागदावरचा गट नव्या अर्जात जसाच्या तसा उतरवू नका, आणि मुदत आपल्या कन्सेंटवर छापली आहे तीच खरी धरा.

स्वयंघोषणेवरचे नूतनीकरण ही या सगळ्यातली सर्वांत सुटसुटीत सोय. गुंतवणूक 10 टक्क्यांहून जास्त वाढलेली नाही आणि प्रदूषणाचा भार वाढलेला नाही, असे लिहून दिले की काम होते. धोका त्याच वाक्यात आहे. मध्यंतरी एलडीओचा (हलक्या डिझेल तेलाचा) बर्नर काढून ब्रिकेट सुरू केले असतील तर गुंतवणूक किरकोळ वाढते, धूळ मात्र कित्येक पट, आणि सहीनिशी दिलेली घोषणा खोटी ठरते. अशा वेळी आधी दुरुस्ती, मग नूतनीकरण. अर्ज मुदतीच्या 60 दिवस आधी टाकावा, कारण नमुन्याचे ताजे अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून यायलाच वेळ जातो.

दुरुस्तीचा प्रकार सर्वांत किचकट आणि तरीही टाळू नये असा. नवी चिमणी, नवे इंधन, नवे उत्पादन किंवा वाढीव क्षमता यांतले काहीही असले तरी तो लागतो. कारखाना विकला तर कन्सेंट कायद्यानेच नव्या मालकाकडे जाते, अटींसकट, तेव्हा विकत घेणाऱ्याने करारापूर्वी कन्सेंटमधला चिमण्यांचा तक्ता हातात घेऊन शेडभोवती एक फेरी मारावी आणि मंडळाकडे ठेवलेली बँक गॅरंटी कोणत्या अटीपोटी अडकली आहे ते विचारावे. दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत भरायचा फॉर्म पाच, म्हणजे पर्यावरण विवरण, मागच्या वर्षांचाही मागून घ्यावा. त्यातला इंधनाचा वापर कन्सेंटमधल्या आकड्याहून जास्त निघाला, तर दुरुस्तीचा अर्ज आणि त्याचा खर्च विक्रेत्याच्या माथी राहील असे करारातच लिहून घ्यावे.