थांबलेला कीकली, परतलेला टुआ

कंकशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदू हादरणे, हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे रुळला. अमेरिकन फुटबॉलमध्ये तर त्यावर अख्खी कारकीर्द ठरते.

कॅरोलायना पँथर्स संघाचा ल्यूक कीकली जानेवारी २०२० मध्ये निवृत्त झाला, अवघ्या २८ व्या वर्षी. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंकशन झाल्यावर त्याला गाडीवरून मैदानाबाहेर नेताना तो हमसून रडत होता. ते आजही बघवत नाही.

तेव्हा मायामी डॉल्फिन्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, असलेला टुआ टॅगोवायलोआ याच्या उलट. २०२२ मध्ये सिनसिनाटीत आपटल्यावर त्याची बोटे चेहऱ्यासमोर वाकडी होऊन ताठरली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा कंकशन. चार सामने बाहेर बसला आणि ऑक्टोबरअखेर परतला. हेल्मेटवर घालायची जादा मऊ टोपीही नको म्हणाला! २१ कोटी २४ लाख डॉलरचा करार नुकताच झाला होता, हेही आहेच.

मला कीकलीचे पटते. पण तो पडला लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला. जाऊन धडकणे हेच त्याचे काम. क्वार्टरबॅकला धावताना पाय पुढे टाकून घसरता येते, धडक टळते. २०२४ च्या त्या सामन्यात टुआने मात्र डोकेच पुढे घातले.