शोधगंगेवर इतिहासाचे प्रबंध: काय हाती लागतं, काय हुकतं

मराठी विद्यापीठांतला इतिहासाचा प्रबंध शोधगंगेवर शोधायचा असेल तर 'एक चिकित्सक अभ्यास', 'एक ऐतिहासिक अभ्यास' आणि 'विशेष संदर्भ' हे शब्द शोधचौकटीत टाकूच नयेत. असंख्य प्रबंधांच्या शीर्षकाला यातली एक शेपटी असतेच. ती टाकली की समोर येतो तो ढीग, आणि त्यात आपला विषय शोधणं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. फक्त गाव, व्यक्ती, संस्थान किंवा चळवळीचं नाव टाकावं.

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचं कोठार. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची सॉफ्ट कॉपी इथे देणं बंधनकारक केलं, आणि २०१६ च्या नियमांनी ती पदवी जाहीर होण्याआधीच द्यायला लावली. आज इथे पाच लाखांवर प्रबंध आहेत. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि प्रबंध उतरवून घेता येतो. पूर्वी नागपूरच्या विद्यार्थ्याला कोल्हापूरचा प्रबंध चाळायचा तर गाडी पकडावी लागे. विषय ठरवण्याआधी आणि साधनं हुडकताना या सेवेला तोड नाही. मात्र इथून तारीख किंवा निष्कर्ष सरळ उचलून आपल्या प्रकरणात लावणाऱ्याची खैर नाही.

सगळ्यात मोठी अडचण शोधाची. मराठी प्रबंधाचं शीर्षक तीन रूपांत सापडू शकतं: इंग्रजी भाषांतरात, रोमन अक्षरांतल्या मराठीत किंवा देवनागरीत. रोमन रूपाला प्रमाणलेखन असं काही नाही. 'पेशवे' कुणी डब्ल्यू घालून लिहितो, कुणी व्ही घालून. शेवटी कधी ए, कधी ई. त्यामुळे एकच विषय निदान तीन-चार वेळा वेगवेगळ्या रूपांत टाकून पाहायचा. उदाहरणार्थ साताऱ्याचं १९४२ नंतरचं प्रतिसरकार. त्यासाठी 'प्रतिसरकार', 'पत्री सरकार', 'पॅरलल गव्हर्नमेंट' हे तिन्ही शब्द हवेत, आणि जिल्ह्याचं नाव टाकताना सांगलीही विसरू नये. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. चळवळीचं केंद्र असलेलं कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. फक्त 'सातारा' टाकून शोधणाऱ्याच्या हातून सांगलीच्या नावाने झालेलं काम निसटतं. तीच गोष्ट जालना, लातूर, सिंधुदुर्ग या नंतर झालेल्या जिल्ह्यांची, आणि नाव बदललेल्या औरंगाबाद-उस्मानाबादचीही.

शोधचौकटीपेक्षा विद्यापीठ उघडून विभागवार चाळणं भरवशाचं. मात्र 'इतिहास' हा विभाग सगळीकडे त्याच नावाखाली असेल असं धरून चालू नका. कुठे तो स्वतंत्र असतो, कुठे सामाजिक शास्त्रांच्या किंवा मानव्यविद्येच्या विद्याशाखेत मिसळलेला, तर कुठे प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृतीचा वेगळा कप्पा. शिवाय इतिहासाचा माल नेहमी इतिहासाच्या दुकानात ठेवलेला नसतो. वृत्तपत्रांच्या इतिहासावरचं काम मराठी विभागात किंवा वृत्तपत्रविद्येत सापडतं, सहकारी साखर कारखान्यांवरचं अर्थशास्त्रात, शाळांच्या इतिहासावरचं शिक्षणशास्त्रात आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामावरचं बरंचसं राज्यशास्त्रात.

प्रबंधाचं पान उघडलं की दोन तारखा दिसतात: काम पूर्ण झाल्याची आणि प्रबंध चढवल्याची. जुने प्रबंध स्कॅन होऊन फार उशिरा चढलेत. १९७०-८० च्या दशकातल्या कामाला चढवण्याचं वर्ष चिकटवून संदर्भ दिला, तर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं मत आजचं म्हणून छापलं जातं. तळटीप देताना नेहमी पूर्ण झाल्याची तारीख घ्या आणि ती शीर्षकपानावरच्या वर्षाशी ताडून पाहा. पानावर १०६०३ ने सुरू होणारा एक कायमचा क्रमांक असतो. ब्राउझरमधला लांबलचक पत्ता न देता तो क्रमांक द्यावा. पृष्ठक्रमांक प्रबंधावर छापलेला घ्या, पीडीएफ दाखवते तो नव्हे. फाइल प्रकरणवार तुटलेली असल्यामुळे पीडीएफचं पान १२ म्हणजे प्रबंधाचं पान १४३ असू शकतं.

त्याखाली फायलींची यादी असते. ०१ म्हणजे शीर्षकपान, मग प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरणं, शेवटी संदर्भसूची आणि परिशिष्टं. बऱ्याच नोंदींत ८० क्रमांकाची एक फाइल असते. ती वेगळी काही नसून शीर्षकपान आणि शेवटचं प्रकरण यांची जोडी असते. दोन मिनिटांत निष्कर्ष बघायला ती बरी, पण सगळ्या फायली एकत्र जोडताना ती घेतली तर शेवटचं प्रकरण दोनदा येतं. उतरवलेल्या फायलींना लगेच संशोधकाचं आडनाव आणि वर्ष द्या. नाहीतर आठवड्याभरात डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या पंधरा फायली साचतात आणि कुठलं प्रकरण कुणाचं ते कळत नाही.

वाचण्याचा क्रम उलटा ठेवा. आधी संदर्भसूची, मग परिशिष्टं, मग मधली प्रकरणं. पहिली दोन प्रकरणं शेवटी, वेळ उरला तर. 'भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी' या मथळ्याखाली जिल्ह्याच्या नद्या, पाऊसमान आणि सातवाहनांपासूनचा इतिहास असतो, आणि तो गॅझेटियरमध्ये अधिक नेटका मिळतो.

संदर्भसूचीत 'अप्रकाशित साधने' या मथळ्याखाली काय लिहिलंय ते पाहा. पेशवाईवरच्या प्रबंधात तिथे नुसतं 'पुणे पुराभिलेखागार, मोडी कागदपत्रे' एवढंच असेल तर त्या ओळीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. रुमालाचा, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक आणि कागदाची तारीख असेल तर मात्र तुमचे पुण्यातले कित्येक दिवस वाचले. इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. पुष्कळ संशोधक त्यापुढे जात नाहीत. ते चूक नाही, पण प्रबंध छापील खंडांवर उभा आहे की रुमालांवर, हे पाच मिनिटांत संदर्भसूचीवरून कळतं, आणि त्यावरूनच तो किती खोलात वाचायचा ते ठरवावं. गोव्याच्या इतिहासावरच्या प्रबंधांना हीच फूटपट्टी लावा. लिस्बन आणि गोवा यांच्यातल्या पत्रव्यवहाराची, 'मोन्सोंइश दो रैनो' म्हणून ओळखली जाणारी बाडं पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. बाडाचा आणि पानाचा क्रमांक दिलेला असेल तर पोर्तुगीज न येणाऱ्या मराठी अभ्यासकालाही नेमका कागद मागवून जाणकाराकडून वाचून घेता येतो.

परिशिष्टं कुणी उघडत नाही, आणि खरा ऐवज तिथेच असतो. जिल्हावार स्वातंत्र्यचळवळीवरचे प्रबंध एकाच साच्यातले म्हणून आपण हसतो. पण त्यांतल्या कित्येकांच्या शेवटी स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलाखती, गावोगावच्या सत्याग्रहींच्या याद्या, पत्रकं आणि घरोघरी जपलेली पत्रं आहेत. ती माणसं आता बहुतेक नाहीत. लेखकाचं विवेचन बेतास बात असलं तरी परिशिष्टातली मुलाखत हे साधन आहे. फक्त ती कोणत्या तारखेला, कुठे आणि कुणी घेतली ते लिहिलेलं आहे ना, ते पाहून घ्या. स्कॅनमध्ये छायाचित्रांचा मात्र बहुधा काळा ठोकळा होतो. नकाशांचीही तीच गत. ते हवे असतील तर मूळ प्रतच बघावी लागेल.

आता अक्षरांची गोष्ट. जुने मराठी प्रबंध दोन प्रकारचे. एक, टंकलिखित किंवा छापील पानांचे स्कॅन. यात मजकूर म्हणजे नुसतं चित्र. दुसरे, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे आजचं संगणकीय अक्षरप्रमाण येण्याआधीच्या, फाँटमध्ये टंकलेले. हे दुसरे जास्त फसवे. पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, मजकूर निवडताही येतो. पण कृतिदेवमधला 'इतिहास' उचलून दुसरीकडे चिकटवला की तिथे बी, एफ, आर, जी, के, एल अशी इंग्रजी अक्षरांची रांग उतरते. संगणकाच्या लेखी त्या पानावर 'इतिहास' हा शब्दच नाही. म्हणून पीडीएफमध्ये 'महाड' शोधून काही मिळालं नाही, तर प्रबंधात महाडचा उल्लेख नाही असं समजू नका. आधी एक शब्द नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. इंग्रजी अक्षरं आली तर फाँट परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा. परिवर्तक नेमक्या त्याच फाँटचा हवा, कृतिदेवचा परिवर्तक श्रीलिपीवर चालवला तर दुसरीच भाषा बाहेर पडते. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी एवढ्या तीन जागा हाताने तपासा, परिवर्तक चुकतो तो तिथेच.

स्कॅन असेल तर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारी सोय. टेसरॅक्ट या ओसीआर प्रणालीत मराठी भाषेचा संच घालून, किंवा फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून ती डॉक्समध्ये उघडून. दहा-दहा पानांचे तुकडे करून द्या, सबंध प्रकरण एकदम दिलं तर मधेच तुटतं. तळटिपा मुख्य मजकुरात घुसतात आणि देवनागरी आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते. इतिहासात हीच सगळ्यात महागडी चूक, तेव्हा ओसीआरमधून आलेलं प्रत्येक साल चित्राशी ताडा. यंत्राला मजकूर वाचता येत नाही, तिथे वाङ्मयचौर्य पकडणारी प्रणालीही आंधळी, हेही लक्षात असू द्या.

सालांचं निघालंय तर आणखी एक. मोडी कागदांवर सुहूर सन, म्हणजे आकडे अरबी शब्दांत लिहिण्याची त्या काळची कालगणना, असतो आणि तो इसवीत आणताना प्रबंधांतल्या चुका फार होतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. त्यात ५९९ मिळवून १७६० लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण सुहूर वर्ष मृगात सुरू होतं. त्याच ११६१ मध्ये पानिपतची लढाई आहे, पौष शुद्ध ८, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. एखाद्या प्रबंधात जानेवारी ते मे मधलं पत्र वर्षभर आधी घडल्यासारखं वाटलं, की हा एकाचा घोटाळा आधी तपासा. घटनाक्रम उलटा लागून त्यावर कारणमीमांसा रचली जाते, ती या एकामुळे.

विषयाची पुनरुक्ती टाळायला शोधगंगेची धाकटी बहीण, शोधगंगोत्री, आहे. तिथे मंजूर झालेले संशोधन आराखडे ठेवतात. कल्पना उत्तम, पण तिथली भर शोधगंगेच्या मानाने फारच कमी. तिथे काही सापडलं नाही म्हणजे विषय मोकळा आहे असं नाही. मार्गदर्शकांच्या नावाने शोध घेऊन त्यांच्या हाताखालचे आधीचे विषय बघणं जास्त उपयोगी पडतं. ब्रिटनमधल्या प्रबंधांसाठी ब्रिटिश लायब्ररीची ईथॉस ही सोय होती. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यानंतर ती दीर्घकाळ बंद पडली. मराठ्यांवरचं लंडन किंवा केंब्रिजमधलं काम हवं असेल तर थेट त्या विद्यापीठाच्या कोठारात शोधा.

वापराच्या अटी सोप्या आहेत: श्रेय द्या, धंद्यासाठी वापरू नका, त्यावर बेतून काही केलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. परिशिष्टातल्या जुन्या पत्राचं छायाचित्र पुस्तकात छापायचं असेल तर मूळ मालकाची परवानगी वेगळी घ्यावी.

एम.फिल.चे लघुप्रबंध इथे सापडतील या भरवशावर राहू नका, आणि २००९ पूर्वीचं कुठलं काम चढेल हे त्या-त्या विद्यापीठाने जुन्या प्रती स्कॅन केल्यात की नाही यावर अवलंबून. नोंद नसेल तर विद्यापीठाचं ग्रंथालय गाठायचं: पुण्यात जयकर, कोल्हापुरात बॅ. बाळासाहेब खर्डेकर. जाताना विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र न्या. प्रबंध घरी मिळत नाही, तिथेच बसून वाचावा लागतो. झेरॉक्स किती पानांची आणि मोबाइलने फोटो चालतो का, हे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा आणि संशोधकाचं नाव, वर्ष, शीर्षक कागदावर लिहून न्या.