पावसाळ्यात उभी कॅम्पर व्हॅन: ताडपत्री की हवा खेळती ठेवणारं कव्हर?

कॅम्पर व्हॅन म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी. तिच्यावर टाकायला ताडपत्री स्वस्त आणि पाणी पक्कं अडवणारी. पण ती आतला दमटपणाही बाहेर जाऊ देत नाही. जमिनीतली ओल वाफ होऊन वर येते, रात्री गार पत्र्यावर थेंब धरतात आणि काही आठवड्यांत गाद्यांना बुरशीचा वास सुटतो. वाऱ्यात फडफडली की अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखी रंगावर घासते, ते वेगळंच.

३-४ थरांचं न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचं (प्लास्टिकच्या धाग्यांच्या कापडाचं) कव्हर महाग, पण वाफ बाहेर सोडतं. मुसळधार पावसात थोडं पाझरतं. चालतं, वारा लागला की वाळतं. त्याचा खरा वैरी ऊन. यूव्ही-रोधक (उन्हातले अतिनील किरण सोसणारं) नसेल तर कापड ठिसूळ होऊन शिवणीपाशी उसवतं. माप घेताना मागची शिडी, स्टेपनी आणि छतावरचा एसी धरा. आरसे, पन्हळीची टोकं यांवर आधी फोम बांधा, नाहीतर पहिलं भोक तिथेच पडतं. पट्टे पोटाखालून घट्ट ओढा. गाडी ओली असताना कव्हर घालू नका.

कोकणातल्या पावसात मात्र ताडपत्रीच बरी, पण गाडीवर नव्हे: बांबूच्या उतरत्या सांगाड्यावर, छतापासून हातभर उंच, चारही बाजू उघड्या.