एफआरआर: टनेल चालू, पिंग चालू, तरी रूट नाही?

शाखा दोनच असतील तर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारे रूट हाताने लिहून मोकळं व्हावं. पाच-सहा शाखा, प्रत्येकीला दोन इंटरनेट लाइन आणि त्यावर वायरगार्ड या व्हीपीएनचे टनेल असा पसारा झाला, की ओएसपीएफ किंवा बीजीपी या आपोआप रूट शिकणाऱ्या प्रोटोकॉलना पर्याय उरत नाही. लिनक्सवर त्यासाठी बहुतेकांचा हात एफआरराउटिंगकडे, म्हणजे एफआरआरकडे, जातो. क्वागा या जुन्या राउटिंग सॉफ्टवेअरचा हा फाटा २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. पैसे पडत नाहीत, आणि सिस्कोवर हात बसलेल्याला त्याची कमांड लाइन, व्हीटीवाय शेल, परका वाटत नाही. इथे तपासायचं ते एवढंच, की व्हीपीएनवरचं राउटिंग अडलं तर हे सॉफ्टवेअर नेमकं काय सांगतं. सांगतं बरंच, पण योग्य मशीनला विचारलं तर.

सुरुवात ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’पासून, म्हणजे शेजारी राउटरांच्या यादीपासून, करायची, तीही दोन्ही टोकांना. एकाच टोकाचं बघून निष्कर्ष काढला की तास-दोन तास गेलेच. समजा पुण्याच्या राउटरवर नाशिक ‘इनिट’ या सुरुवातीच्या अवस्थेत अडकलेलं दिसतंय आणि नाशिकच्या यादीत पुण्याचं नावच नाही. म्हणजे नाशिकचे हॅलो (ओळखीची पॅकेटं) पुण्याला पोचतात, पुण्याचे नाशिकला ऐकू येत नाहीत. वायरगार्डवर याचं नेहमीचं कारण पुण्याच्याच कॉन्फिगमध्ये सापडतं: अलाउड आयपीजमध्ये (समोरच्या टोकाच्या, म्हणजे पीअरच्या, पत्त्यांच्या यादीत) २२४.०.०.५/३२ हा हॅलोचा पत्ता नाही. पॅकेट कुठल्या पीअरला द्यायचं हे वायरगार्ड त्या यादीवरून ठरवतो. पत्ता यादीत नसेल तर पॅकेट टाकून देतो. गंमत अशी, की पुण्यात टीसीपीडंप (पॅकेट टिपणारं साधन) लावला तर हॅलो बाहेर जाताना व्यवस्थित दिसतो, कारण तो टिपला जातो वायरगार्डच्या हाती पडण्याआधी. म्हणून डंप नाशिकच्या टनेल इंटरफेसवर लावायचा, फिल्टर ‘प्रोटो ८९’ (८९ म्हणजे ओएसपीएफ). तिथे पॅकेट दिसलं तर नाशिकचा फायरवॉल बघा. नाही दिसलं तर पुण्याचे अलाउड आयपीज.

दुसरा सापळाही इथलाच. एका वायरगार्ड इंटरफेसवर दोन पीअर असतील तर २२४.०.०.५ त्यातल्या एकालाच मिळतो. दुसऱ्याला लिहिला की पहिल्याकडून गुपचूप काढून घेतला जातो. ओएसपीएफ चालवायचं तर प्रत्येक शाखेला वेगळा इंटरफेस, त्यावर अलाउड आयपीज ०.०.०.०/० आणि डब्ल्यूजी-क्विकच्या (वायरगार्ड इंटरफेस उभा करणाऱ्या स्क्रिप्टच्या) फाइलमध्ये ‘टेबल = ऑफ’. कोणाला कुठे जाऊ द्यायचं ते मग फायरवॉलवर ठरवा. ‘टेबल = ऑफ’ विसरलात तर डब्ल्यूजी-क्विक स्वतःच अलाउड आयपीजमधल्या पत्त्यांचे रूट कर्नलमध्ये घालून ठेवतो. यादीत शाखेचं १०.२०.०.०/१६ लिहिलेलं असेल तर अशा वेळी ‘शो आयपी रूट’ पाहण्यासारखं असतं: एकाच १०.२०.०.०/१६ च्या दोन ओळी, एक ‘के’ची (कर्नल), अंतर ० (लहान अंतर जिंकतं), पुढे > आणि * दोन्ही, दुसरी ‘ओ’ची (ओएसपीएफ), ११०, आणि पुढे काहीच नाही. ओएसपीएफने रूट शिकलाय, पण वापरात कर्नलचा आहे. दुसरी लाइन उभी असूनही ट्रॅफिक तिकडे का वळत नाही, ते या दोन ओळींत कळतं. हा आउटपुट हीच एफआरआरची सगळ्यात जमेची बाजू.

एमटीयूच्या, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराच्या, बाबतीत मात्र एफआरआर अर्धंच बोलतो. मुख्य ऑफिसच्या लाइनचा एमटीयू १५००, शाखेला पीपीपीओई फायबर, तिथे १४९२. डब्ल्यूजी-क्विक त्यातून ८० वजा करतो, म्हणजे एकीकडे १४२० आणि दुसरीकडे १४१२. फरक आठ बाइटचा, पण नेबर ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्स्चेंज’ या डेटाबेस अदलाबदलीच्या पायऱ्यांच्या पुढे सरकत नाही. लॉगमध्ये ‘नेबरचा एमटीयू मोठा आहे’ अशी ओळ येते ती फक्त लहान एमटीयूच्या टोकाला, कारण डेटाबेसचं पॅकेट नाकारणारा तोच. मोठ्या टोकाच्या लॉगमध्ये त्याचा पत्ता नसतो. उपाय: दोन्हीकडे १४१२ हाताने लिहा आणि ‘पिंग -एम डू -एस १३८४’ने तपासा (१३८४ अधिक हेडरचे २८ बरोबर १४१२). ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ लावून नेबर फुल होतो (डेटाबेस पूर्ण जुळतो) हे खरं, पण मधली लाइनच मोठी पॅकेटं गिळत असेल तर तो आजार तसाच राहतो. ही कमांड म्हणजे तापावर पट्टी.

नेबर फुल, आणि तरी एकही रूट नाही? नेटवर्क टाइप बघा. एकीकडे ब्रॉडकास्ट, दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट. हॅलो १० आणि डेड (नेबर गेला असं धरण्याची मुदत) ४० सेकंद दोन्हींचे सारखेच, त्यामुळे मैत्री जमते, पण एलएसएतली (राउटर एकमेकांना पाठवतात त्या माहितीतली) लिंकची वर्णनं जुळत नाहीत. एफआरआर यावर ठळक इशारा देत नाही, ही तक्रार रास्त आहे. दोन्ही टोकांना ‘आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट’ लिहा.

नेबर फुल होतो, थोड्या वेळाने पडतो, पुन्हा फुल होतो, असं चक्र घड्याळ लावल्यासारखं चालू असेल तर समोरच्याच्या पब्लिक आयपीचा रस्ता टनेलमधूनच शिकला गेलाय. टनेल स्वतःच्याच पोटात शिरतो, ४० सेकंदांनी डेड टायमर संपतो, रूट जातात, टनेल पुन्हा जिवंत. पब्लिक आयपीसाठी खऱ्या गेटवेकडे /३२ चा स्टॅटिक रूट टाका.

बीजीपी वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. ‘शो बीजीपी समरी’त प्रिफिक्सच्या (मिळालेल्या नेटवर्कांच्या आकड्याच्या) जागी ‘पॉलिसी’ दिसलं तर बिघाड नाही. आरएफसी ८२१२ प्रमाणे ई-बीजीपीला (दोन वेगळ्या एएस क्रमांकांमधल्या बीजीपीला) रूट-मॅपसारखी पॉलिसी हवीच. सेशन जुळून दर १८० सेकंदांनी तुटत असेल तर पुन्हा एमटीयूच: १९ बाइटचा कीपअलाइव्ह जातो, मोठा अपडेट अडकतो आणि मागचे कीपअलाइव्ह टीसीपीच्या रांगेत त्याच्या मागे बसतात. ‘एफआरआर डिफॉल्ट्स डेटासेंटर’ प्रोफाइल व्हीपीएनवर नको, त्यात टायमर ३ आणि ९ सेकंदांचे असतात. बीएफडीचे (लाइन तुटल्याचं झटपट ओळखणाऱ्या प्रोटोकॉलचे) मूळचे ३०० मिलिसेकंद गुणिले ३ हेही घरगुती ब्रॉडबँडला फार कडक; १००० गुणिले ५ वर आणा.

शेवटची कुरकुर डीबगची. ‘डीबग ओएसपीएफ पॅकेट हॅलो’ दिलं आणि लॉगमध्ये काहीच आलं नाही, तर लॉगची पातळी ‘इन्फर्मेशनल’ असते. ‘लॉग सिसलॉग डीबगिंग’ केल्याशिवाय ओळी दिसत नाहीत. आणि हीच डीबग कमांड कॉन्फिग मोडमध्ये दिली तर ‘राइट मेमरी’सोबत ती जतनही होते. काम झाल्यावर ‘नो’ लावून काढा, नाहीतर रीस्टार्टनंतरही लॉग भरत राहतो.