फोंड्यातील घरपोच परिचर्या सेवा : कॅथेटरच्या देखभालीचा अनुभव
प्रोस्टेटच्या त्रासामुळे वडिलांना सिलिकॉनचा कॅथेटर (मूत्राशयातली लघवी पिशवीत नेणारी नळी) बसवल्यापासून आम्ही फोंड्यातील एका घरपोच परिचर्या सेवेची मदत घेत आहोत. नळी मांडीला पट्टीने कशी बांधावी, पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकवता कशी टांगावी आणि ती काठोकाठ भरण्याआधीच का रिकामी करावी, हे परिचारिकेने आईला नीट जमेपर्यंत शांतपणे शिकवले. पावसाळ्यात एकदा नळी तुंबली तेव्हा मात्र त्या दोन तास उशिरा आल्या. लघवी अडल्यास वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे, हे सेवेने आधीच सांगायला हवे होते. तरीही साधारण १२ आठवड्यांनी नळी बदलताना त्या निर्जंतुकता जितक्या काटेकोरपणे पाळतात, तितकाच वडिलांचा संकोचही जपतात, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.