मिठा-मिऱ्यांचा ग्राइंडर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी जूनमध्ये सासऱ्यांचा रक्तदाब वाढल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी जेवणातले मीठ निम्म्यावर आणायला सांगितले, तेव्हा आमच्या लातूरच्या घरात मीठ आणि मिरे दळण्याच्या ग्राइंडरची जोडी पहिल्यांदा आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सपाट भरलेला चहाचा चमचाही जेमतेम. आमच्या घरात एकट्या वरणालाच सढळ हाताने मीठ पडत असे. उपाय असा ठरला की फोडणीत मीठ निम्मे घालायचे आणि ज्याला कमी वाटेल त्याने ताटात वरून दळून घ्यायचे, कारण शिजताना आत मुरलेल्या मिठापेक्षा घासाच्या पृष्ठभागावरचे मीठ जिभेला आधी आणि अधिक जाणवते. सासूबाईंनी ती जोडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, “मिठाला बी जातं लागतंय का गं आता?” त्या वेळी मी हसण्यावारी नेलेला हा प्रश्न किती नेमका होता, हे मला बरेच नंतर कळले.

ती पहिली जोडी मी केवळ रूपावर भाळून घेतली. बाहेरून चकचकीत स्टील, मधे काचेची खिडकी, किंमत साडेतीनशेच्या आत. माहितीत ‘स्टेनलेस स्टील’ असे ठळक छापलेले होते, पण ते बाहेरच्या नळीविषयी होते, आतल्या दात्यांविषयी नव्हते, आणि हा फरक मी वाचलाच नाही. सात आठवडे सगळे सुरळीत चालले. मग एका श्रावणी सोमवारी भगरीवर मीठ दळताना पांढऱ्या कणांबरोबर तपकिरी ठिपके पडले. मुठीतला ग्राइंडर आधी जड झाला, मग कचकन अडकला. पेचकस घेऊन उघडला तर खालच्या चक्रीच्या दात्यांमध्ये ओल्या मिठाचा घट्ट थर बसलेला होता, आणि नखाने तो खरवडला तेव्हा खाली गंजाची खरबरीत, तांबूस साय निघाली. भगर टाकून दिली. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा परत करण्याची मुदत संपली असून ओलाव्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे उत्तर आले. पावसाळ्यात विकलेल्या वस्तूला ओलावा लागणार नाही, हे गृहीत धरून हमी लिहिणाऱ्याचे मला आजही कौतुक वाटते.

दसऱ्यानंतर दुसरी जोडी घेतली ती मात्र आधी दाते पाहून. हिच्या दोन्ही ग्राइंडरमध्ये सिरॅमिकचे दाते आहेत, बाटल्या काचेच्या आहेत, झाकणे प्लॅस्टिकची, आणि किंमत नऊशेच्या आसपास. यापुढचा अनुभव हिचाच आहे.

ग्राइंडर म्हणजे मुठीत मावणारे जातेच आहे. एक तळी स्थिर, दुसरी फिरती, आणि दोघींच्या मधल्या फटीवर पूड जाड की बारीक हे ठरते. माझी आजी डाळीचा भरडा काढताना जात्याच्या खिळीवर चिंधीची चुंबळ ठेवून वरची तळी जराशी उचलून घेत असे. ग्राइंडरचा स्क्रू नेमके तेच काम करतो, आवळला की बारीक आणि सैल केला की जाड. काही ग्राइंडरांमध्ये हा स्क्रू डोक्यावरच्या गोळ्यातच असतो, त्यामुळे दळता दळता तो आपोआप सैल होतो आणि पुडीत मधेच अर्धेमुर्धे दाणे येऊ लागतात. माझ्या जोडीत जाडी ठरवायची चकती दात्यांजवळ वेगळी आहे आणि नऊ महिन्यांत ती जागची हललेली नाही. घेताना ही एक गोष्ट जरूर पाहावी.

दात्यांचा प्रश्न मीठ आणि मिरे या दोघांसाठी सारखा नाही, आणि जोडी म्हणून विकताना हीच गोष्ट झाकली जाते. मीठ हा मऊ पदार्थ आहे. मोहसच्या कठीणतेच्या मापावर त्याचा अंक अडीचच्या आसपास येतो, त्यामुळे त्याला धारदार पोलादाची गरजच नसते, गरज असते ती न गंजणाऱ्या दात्यांची. तिथे सिरॅमिकला तोड नाही. मिऱ्यांचे उलट आहे. मिरे ठिसूळ आणि तेलकट असतात, ते चिरडण्यापेक्षा कापले गेले तर पूड एकसारखी पडते, आणि म्हणूनच फ्रान्सच्या प्युजो कंपनीने १८७४ मध्ये मिऱ्यांचा ग्राइंडर आणला तो पोलादी दात्यांचा, आणि त्या कंपनीच्या मिऱ्यांच्या ग्राइंडरमध्ये आजही पोलादी दातेच असतात. माझ्या सिरॅमिकच्या ग्राइंडरमधून मिऱ्यांच्या जाड तुकड्यांबरोबर थोडी भुकटीही येते. ताकावर किंवा अंड्यावर घालताना ती खटकत नाही, पण सासऱ्यांना काकडीवर जाडसर मिरे आवडतात आणि त्यांची तक्रार रास्त आहे. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी मिऱ्यांसाठी पोलादी आणि मिठासाठी सिरॅमिक असे दोन वेगवेगळे नग घेईन, मग ते दिसायला जोडीचे नसले तरी चालतील.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. मिऱ्यांचा तिखटपणा पायपरीन या घटकामुळे येतो आणि तो पुडीत बराच काळ टिकतो, परंतु मिऱ्यांचा वास उडून जाणाऱ्या तेलांमध्ये असतो आणि दाणा फुटला की ती तेले हवेत जाऊ लागतात. किराणा दुकानातली मिरपूड तिखट लागते पण वास देत नाही, त्याचे हे कारण. मिठात असे उडून जाण्यासारखे काहीच नाही. आज दळलेले आणि सहा महिन्यांपूर्वी दळलेले मीठ चवीला सारखेच लागते. त्यामुळे ‘ताज्या दळलेल्या मिठाची चव’ या जाहिरातीतल्या वाक्याला माझ्या लेखी अर्थ नाही. मिठाच्या ग्राइंडरचा खरा उपयोग दोनच ठिकाणी झाला. एक, मीठ हवे तसे जाड-बारीक करता येते. दोन, आणि आमच्यासाठी हे महत्त्वाचे, चिमूट किंवा चमच्यापेक्षा फेरे मोजणे सोपे जाते. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मी तीन वेळा मोजून पाहिले तेव्हा मधल्या जाडीवर दहा फेऱ्यांना साधारण एक ग्रॅम मीठ पडले. सासऱ्यांना जेवणात वरून पाच फेरे, असा आता घरचा नियम आहे, आणि तो मोडला की नातवंडे मोठ्याने मोजतात.

ग्राइंडरमध्ये कोणते मीठ घालायचे यात मी बऱ्याच चुका केल्या. आधी घरात होते तेच जाडे समुद्री मीठ भरले. ते हाताला ओलसर लागते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतले पाणी ओढून घेतात. दोन दिवसांत दाते बुजले. ते मीठ परातीत पसरून मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस वाळवले तेव्हा छान खळखळू लागले, पण पहिल्या पावसाबरोबर पुन्हा गोळा झाले. शेंदेलोण सर्वांत चांगले चालते, मात्र किराण्यातून आणलेले खडे ग्राइंडरच्या तोंडात मावत नाहीत, ते आधी खलबत्त्यात फोडून ज्वारीच्या दाण्याएवढे करावे लागतात. घरात एवढा मोठा लोखंडी खलबत्ता असताना ग्राइंडर कशाला, असे कोणी विचारले तर या टप्प्यावर माझ्याकडे उत्तर नसते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेंदेलोणात सहसा आयोडीन मिसळलेले नसते, तर आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना दर दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे लागते. म्हणून रोजच्या फोडणीला आम्ही आयोडीनयुक्त बारीक मीठच ठेवले आहे आणि शेंदेलोण फक्त वरून घ्यायला व उपवासाला वापरतो.

मिऱ्यांच्या बाबतीत सोपे आहे: भरीव, जड आणि सुरकुतलेले दाणे घ्यावेत. पाण्याच्या पेल्यात चिमूटभर टाकून पाहावेत, चांगले मिरे तळाशी बसतात आणि भेसळीतल्या पपईच्या बिया तरंगतात. फार टपोऱ्या मिऱ्यांच्या मोहात मात्र पडू नये. टेलिचेरी या नावाने विकले जाणारे सव्वाचार मिलिमीटरहून मोठे मिरे सुगंधी खरे, पण माझ्या ग्राइंडरच्या गळ्यात ते कमान धरून अडकतात आणि दर चार फेऱ्यांनी बाटली आपटावी लागते. मध्यम आकाराचे मिरे विनातक्रार उतरतात.

हवेबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण मराठवाड्यात या वस्तूचे वर्षातून दोन अवतार दिसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा पाणी धरू लागते. एप्रिल-मेच्या कोरड्याठाक दुपारी मीठ वाळूसारखे सुटे पडत होते, एकदाही अडकले नाही. जुलैपासून सकाळ-संध्याकाळ हवा ही रेषा सहज ओलांडते. परंतु पावसाहूनही मोठा शत्रू म्हणजे शेगडीवरची वाफ. उकळत्या आमटीवर ग्राइंडर धरून दळले की वाफ थेट खालून दात्यांमध्ये शिरते आणि तिथेच मिठाचा पहिला थर बसतो. पहिली जोडी गंजण्यात दात्यांचा दोष होताच, पण अर्धा दोष माझ्या या सवयीचा होता. आता आधी वाटीत दळायचे आणि मग भांड्यात टाकायचे, असा दंडक आहे. अडकलेला मिठाचा ग्राइंडर पाण्याने धुऊ नये. तो रिकामा करून कोरड्या ब्रशने साफ करावा आणि उन्हात ठेवावा.

काचेच्या बाटलीबाबत माझे मत बदलले आहे. आत किती उरले ते दिसते ही सोय खरी, परंतु उजेडाने मिऱ्यांचा तिखटपणा कमी होतो. खिडकीतल्या फळीवर चार महिने राहिलेल्या मिऱ्यांना आणि डब्यातल्या मिऱ्यांना मी शेजारी शेजारी चाखून पाहिले, तेव्हा खिडकीतले स्पष्टपणे फिके लागले. तेव्हापासून बाटली फडताळात असते. बॅटरीवर चालणारा ग्राइंडर दिरांकडे आहे, तो आडवा केला की आपोआप फिरतो, पाहुण्यांना त्याची गंमत वाटते, पण फेरे मोजता येत नसल्याने आमच्या कामाचा नाही. वृद्धांच्या बोटांत जोर नसेल तर मात्र तो विचारात घ्यावा.

दुसऱ्या जोडीत दोष नाहीत असे नाही. मिऱ्यांच्या ग्राइंडरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला सहाव्या महिन्यात बारीक चीर गेली. दाते खालच्या बाजूला असल्याने ठेवले तिथे पुडीचे वर्तुळ उमटते, म्हणून दोन्ही ग्राइंडर एका वाटीत उभे असतात.

जालन्याच्या नणंदबाईंनी मोसंबीच्या फोडींवर घालायला असलीच जोडी मागवली होती. त्यांना मी मिऱ्यांचा पोलादी दात्यांचा एकच ग्राइंडर पाठवला, आणि मिठासाठी घट्ट झाकणाची चिनी मातीची छोटी बरणी.